वर्षातून एकदा येणारी कमाई आणि चार पिढ्यांची जमीन: अमेरिकेतील कौटुंबिक रँच कसे चालते

मोंटाना, वायोमिंग किंवा नेब्रास्का या राज्यांत तीनशे गायी बाळगणाऱ्या कुटुंबाला वर्षभराची कमाई बहुधा एकाच दिवशी हाती येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सात-आठ महिन्यांची वासरे ट्रकमध्ये चढतात, वजनकाट्यावर त्यांची नोंद होते, खरेदीदार धनादेश लिहून देतो, आणि त्यातून बँकेचे हंगामी कर्ज, डिझेल, औषधे, कुरणांचे भाडे, जमिनीचा कर आणि घरखर्च एवढे सगळे भागवायचे असते. ज्या जमिनीवर हे चालते तिची बाजारातील किंमत मात्र अनेकदा काही दशलक्ष डॉलर भरते. कागदावर श्रीमंती आणि खिशात चणचण ही या धंद्याची कायमची अवस्था आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले रँच, म्हणजे गुरे चारण्याची विस्तीर्ण शेतवाडी, समजून घ्यायचे तर ती अवस्था कशी निर्माण झाली हे आधी पाहावे लागते.

गोमांसाच्या व्यवसायात अमेरिकेत साधारण तीन टप्पे असतात आणि ते बहुधा वेगवेगळ्या हातांत असतात. पहिल्या टप्प्यावर गायी पाळून वासरे जन्माला घातली जातात. दुसऱ्यावर दूध तुटलेली वासरे काही महिने चारून वाढवली जातात. तिसऱ्यावर फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरे पोसण्याच्या मोठ्या बंदिस्त आवारात, मका आणि इतर खुराक देऊन त्यांचे वजन सहाशे-साडेसहाशे किलोंपर्यंत नेले जाते. त्यानंतर ती कत्तलखान्यात जातात, आणि पोसून तयार केलेल्या गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के चार मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. कौटुंबिक रँच सहसा पहिल्या टप्प्यावर असते. २०२२ च्या कृषिगणनेनुसार अमेरिकेत सुमारे १९ लाख शेतघटक आहेत आणि त्यांपैकी ९५ टक्के कुटुंबांच्या मालकीचे आहेत. मांसासाठी गायी पाळणाऱ्यांचा सरासरी कळप मात्र पन्नासाहूनही लहान आहे. म्हणजे बहुसंख्य लोकांसाठी हा जोडधंदा आहे, आणि फक्त गुरांवर एक कुटुंब जगायचे असेल तर काही शे गायी लागतात. या लेखात ज्या रँचचा विचार केला आहे ते याच आकाराचे आहे.

हा धंदा पश्चिमेकडेच का रुजला याचे उत्तर पावसात आहे. अमेरिकेच्या नकाशावर १०० अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास एक अदृश्य सीमा आहे. तिच्या पलीकडे बहुतेक सपाट प्रदेशात वर्षाला वीस इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो आणि सिंचनाशिवाय धान्याची खात्री देता येत नाही. तिथे गवत मात्र येते, आणि माणसाला न पचणारे गवत रवंथ करणाऱ्या जनावराला पचते. परंतु हे गवत विरळ असते. पूर्वेकडील ओल्या प्रदेशात दोन-तीन एकरांवर एक गाय वर्षभर पोसता येते, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत तिला पंधरा-वीस एकर लागतात, आणि नेवाडाच्या कोरड्या खोऱ्यांत त्याहूनही कितीतरी अधिक. हे प्रमाण लक्षात ठेवले की पुढचा इतिहास आपोआप उलगडू लागतो.

गुरे या भूमीत स्पॅनिश लोकांनी आणली. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते याच्या मोहिमेबरोबर ती आजच्या न्यू मेक्सिकोत पोहोचली, आणि घोड्यावरून दोर टाकून गुरे पकडण्याची, मालकीची खूण म्हणून तापल्या लोखंडाने डाग देण्याची आणि वर्षातून दोनदा कळप गोळा करण्याची सारी रीत मेक्सिकोतील गुराख्यांकडून उत्तरेत आली. टेक्सासमधील प्रसिद्ध किंग रँच १८५३ मध्ये सुरू झाले आणि आजही ते संस्थापकाच्या वंशजांच्या कंपनीकडे आहे. सव्वाआठ लाख एकरांचे ते साम्राज्य सामान्य कौटुंबिक रँचचा नमुना मानता येणार नाही, परंतु मेक्सिकन गुराख्यांच्या अनेक पिढ्यांनी ते उभे केले ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरे अमाप झाली होती आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला भाव होता. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातील अ‍ॅबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचा बाजार उभा राहिला आणि पुढची सुमारे वीस वर्षे लाखो गुरे पायी उत्तरेकडे हाकली गेली. चित्रपटांनी अजरामर केलेला गुराखी हा या दोन दशकांतला पगारी मजूर होता, आणि त्यांच्यात मेक्सिकन व कृष्णवर्णीय तरुणांचा मोठा वाटा होता.

ज्या गवतावर ही गुरे उत्तरेत चरली ते रिकाम्या जमिनीवर उगवलेले नव्हते. लकोटा, शायान, कोमँची अशा अनेक लोकांचे जीवन त्या गवतावर चरणाऱ्या बायसन या रानगुरांवर अवलंबून होते. कोट्यवधींच्या संख्येने असणारे हे प्राणी १८८० च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम काही शेकडा उरले, करार मोडले गेले, आणि मूळ लोकांना राखीव क्षेत्रांत ढकलल्यावरच गुरांसाठी कुरणे मोकळी झाली. शंभर वर्षांहून जुन्या रँचच्या फाटकावर स्थापनेचे साल मोठ्या अभिमानाने कोरलेले असते. त्या सालाच्या आधीचे पान सहसा कोणी उघडत नाही.

त्या काळात ‘मोकळे कुरण’ ही पद्धत होती. जमीन संघीय सरकारची, गवत फुकट, आणि गुरांवरचा डाग एवढीच मालकीची खूण. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील भांडवल यात ओतले गेले, गुरांची संख्या गवताच्या ताकदीपलीकडे वाढली, आणि १८८६ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर आलेल्या हिवाळ्याने हा डोलारा कोसळवला. १८८७ च्या जानेवारीत बर्फ थोडे वितळून पुन्हा गोठले, त्याची टणक साय गवतावर बसली, आणि ती फोडता न आल्याने गुरे उपाशी मेली. मोंटाना आणि डकोटाच्या काही भागांत निम्म्याहून अधिक कळप नष्ट झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचेही डकोटातील बरेचसे जनावर गेले. मोंटानातील मोठे पशुपालक ग्रॅनव्हिल स्ट्युअर्ट यांनी तर ज्याला चारा आणि निवारा देता येणार नाही असे जनावर पुन्हा कधी बाळगायचे नाही, असे ठरवले. आजचे कौटुंबिक रँच माझ्या मते याच हिवाळ्याचे अपत्य आहे. उन्हाळ्यात गवत कापून साठवायचे, हिवाळ्यात ते गुरांना घालायचे, कळप तेवढाच ठेवायचा जेवढा साठवलेल्या गवतावर जगेल, ही शिस्त तिथून आली. ज्यांनी ती स्वीकारली ते टिकले. मोंटानातील डिअर लॉज येथे कॉनराड कोर्स यांचे रँच त्या हिवाळ्यातून सावरले, नातवापर्यंत चालले आणि १९७२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले.

गवत साठवायचे तर जमीन आपली हवी, आणि जमीन मिळवण्याचा मार्ग होता १८६२ चा होमस्टेड कायदा. अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या या कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ मोफत मिळत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इलिनॉयसारखी काळी, ओली जमीन होती. पश्चिमेकडे तेवढ्या जमिनीवर दहा गायीही पोसणे कठीण. कोलोरॅडो नदीचे संशोधक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच सरकारला कळवले होते की कोरड्या प्रदेशात चराईसाठी एका कुटुंबाला २,५६० एकर हवेत. ते कोणी ऐकले नाही. संसदेने १९०४ मध्ये नेब्रास्काच्या काही भागासाठी ६४० एकर, १९०९ मध्ये इतरत्र ३२० एकर आणि १९१६ मध्ये पशुपालनासाठी ६४० एकर अशी मर्यादा हळूहळू वाढवली, तीही बऱ्याचशा चांगल्या जमिनी गेल्यानंतर. १९१६ च्या कायद्यात आणखी एक मेख होती: जमिनीखालची खनिजे सरकारने स्वतःकडे राखली. त्यामुळे आजही काही कुटुंबांच्या कुरणात दुसऱ्या कोणाला तेल काढण्याचा हक्क मिळतो आणि जमीनमालकाच्या वाट्याला केवळ पृष्ठभागाच्या नुकसानीची भरपाई येते.

मग एका कुटुंबाकडे पाच-दहा हजार एकर आले कुठून? बापाने एक दावा केला, मोठ्या मुलाने वयात आल्यावर शेजारचा, अविवाहित मुलीनेही आपल्या नावावर एक (कायद्याने तिला तो हक्क होता), आणि लग्नानंतर हे तुकडे जुळले. उरलेली जमीन शेजाऱ्यांच्या अपयशातून आली. १९१७ नंतरच्या दुष्काळात मोंटानातील हजारो नवे शेतकरी उठून गेले आणि अनेक बँका बुडाल्या. १९३० च्या दशकात तेच पुन्हा घडले, आणि १९३४ मध्ये तर चारा नसल्याने संघीय सरकारला लाखो गुरे विकत घ्यावी लागली. जे तग धरून राहिले त्यांनी सोडून गेलेल्यांची जमीन कराच्या थकबाकीपोटी झालेल्या लिलावात किंवा कवडीमोलाने घेतली. जुन्या रँचच्या नकाशावर शेतांना अजूनही त्या निघून गेलेल्या कुटुंबांची नावे चिकटलेली असतात.

काटेरी तार नसती तर हे शक्य झाले नसते. जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि लाकूड नसलेल्या प्रदेशात पहिल्यांदाच स्वस्त कुंपण घालता आले. कुंपणामुळे चांगला वळू आपल्याच गायींना मिळेल याची खात्री झाली, आणि लांब शिंगांच्या गुरांची जागा हेरफर्ड आणि पुढे काळ्या अँगस जातीने घेतली.

तरीही उन्हाळी चराईची बरीच जमीन सरकारचीच राहिली. नेवाडासारख्या राज्यात सुमारे ऐंशी टक्के जमीन संघीय आहे. तिच्या बऱ्याच भागावर कोणीही यावे आणि चारावे अशी स्थिती १९३४ पर्यंत होती; त्या वर्षी टेलर चराई कायदा झाला आणि परवाना पद्धत आली. परवाना ज्याच्याकडे जवळपास स्वतःची जमीन किंवा पाणी आहे त्यालाच मिळतो, साधारण दहा वर्षांचा असतो आणि नूतनीकरणात जुन्या धारकाला प्राधान्य असते. शुल्काचे एकक आहे एक गाय-वासराची जोडी, एक घोडा किंवा पाच मेंढ्या यांना एका महिन्यात लागणारा चारा. १९८६ पासून त्याचा किमान दर १.३५ डॉलर ठरलेला आहे आणि अनेक वर्षे प्रत्यक्ष दर तोच राहिला. त्या किमान दराने दोनशे गायी चार महिने चारायच्या तर आठशे एकके आणि १,०८० डॉलर, असा हिशेब. खासगी कुरणाचे भाडे सरासरी वीस डॉलरांहून अधिक असते, म्हणून ही फुकटेगिरी असल्याची टीका होते. पशुपालक म्हणतात की कुंपण, पाण्याची सोय आणि श्वापदांनी केलेले नुकसान आम्ही सोसतो. या वादात एक मुद्दा हमखास सुटतो. परवाना मूळ जमिनीला जोडलेला असल्याने रँच विकताना त्याची किंमत जमिनीच्या भावात मिसळते. म्हणजे सवलतीचा खरा लाभ पहिल्या धारकाने केव्हाच खिशात घातला आहे आणि नंतर विकत घेणाऱ्याने तो पूर्ण मोल देऊन घेतला आहे.

पाण्याचा कायदाही पश्चिमेत वेगळा आहे. नदीकाठी जमीन आहे म्हणून पाण्यावर हक्क येत नाही. ज्याने आधी पाट काढून पाणी उपयोगात आणले त्याचा हक्क आधी. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये हे तत्त्व ठामपणे मान्य केले. प्रत्येक हक्काला तारीख असते. कोरड्या जुलैत नदी आटली तर पाणी सर्वांमध्ये थोडे थोडे वाटले जात नाही: १९०५ च्या हक्काचे दार पूर्ण बंद होते आणि १८८३ च्या हक्काला त्याचा वाटा पुरता मिळतो. शिवाय सलग काही वर्षे पाणी न वापरल्यास हक्क गमावण्याची भीती असते, त्यामुळे काटकसर करायला फारसे प्रोत्साहन उरत नाही. पणजोबांनी घोड्यांच्या साहाय्याने खणलेला पाट आज रँचच्या किमतीचा मोठा भाग ठरतो तो यामुळेच.

आता वर्षाच्या चक्राकडे वळू. ते सुरू होते विण्याच्या हंगामापासून, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि वर्षातील इतर सगळी कामे त्या एका तारखेवरून मागेपुढे मोजली जातात. गायीचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा असतो. दरवर्षी एक वासरू मिळवायचे असेल तर व्याल्यानंतर ऐंशी-ब्याऐंशी दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी, आणि हाडकुळी गाय वेळेवर माजावर येत नाही. म्हणून हिवाळ्यात चाऱ्यात केलेली कंजुषी पुढच्या वर्षीच्या वासरांच्या संख्येत वसूल होते.

पहिलटकर कालवडींना मुख्य कळपाच्या दोन-तीन आठवडे आधी विण्यासाठी योजलेले असते, कारण अडचणी त्यांनाच जास्त येतात. त्यांना गोठ्याजवळच्या आवारात ठेवतात आणि रात्री दर दोन-तीन तासांनी कोणीतरी बॅटरी घेऊन फेरी मारते. पाणमोट फुटून तास-दोन तास झाले आणि प्रगती नसेल, किंवा पुढच्या पायांऐवजी शेपटी दिसली, तर हस्तक्षेप करावा लागतो. बाहेर आलेल्या पायांना साखळी बांधून कळेच्या लयीनेच ओढायचे असते, घाई केली तर आई आणि वासरू दोन्ही जाऊ शकतात. जन्मल्यावर पहिली लढाई चिकाची. वासरू रोगप्रतिकारशक्ती घेऊन जन्मत नाही. ती चिकातून येते, आणि आतड्याची ती शोषण्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन सुमारे दिवसभरात संपते. उणे वीस अंशांच्या रात्री कान गोठलेले वासरू पिकअपच्या तळाशी हीटरपुढे ठेवून ऊब देणे आणि मग नळीने चीक पाजणे हे या दिवसांतले नेहमीचे काम आहे. वासरू मेले आणि दुसरे कोणते पोरके असेल, तर मेलेल्याचे कातडे काढून पोरक्याच्या पाठीवर बांधतात. वास ओळखीचा लागल्याने गाय बहुधा त्याला पाजते, आणि काही दिवसांनी ते कातडे उतरवता येते.

पिढ्यांच्या अनुभवाबरोबर संशोधनानेही इथे मोलाची भर घातली आहे. लहान वासरांना हगवण लागते ती बहुतेकदा थोड्या मोठ्या वासरांकडून, कारण तीच जंतूंची संख्या वाढवतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी यावर सुचवलेला उपाय असा: व्यालेल्या गायींना हलवण्याऐवजी अजून न व्यालेल्या गायींना दर आठवड्याला नव्या, स्वच्छ कुरणात न्यायचे, म्हणजे एका कुरणातील सगळी वासरे जवळपास एकाच वयाची राहतात. खर्च जवळजवळ काही नाही, फक्त कुंपणाची मांडणी तशी हवी. कॅनडातील मॅनिटोबाच्या एका पशुपालकाने आणखी एक गोष्ट हेरली होती की चारा सकाळऐवजी संध्याकाळी टाकला तर अधिक गायी दिवसा वितात. झोपेला मुकलेल्या कुटुंबांनी तो उपाय किती आनंदाने उचलला असेल हे सांगायला नको.

मे महिन्यात डाग देण्याचे काम येते आणि ते सावडीने होते; शेजारची कुटुंबे आज इथे, परवा तिथे अशी फिरतात. घोडेस्वार वासराचे मागचे पाय दोरात पकडून त्याला आगीजवळ ओढत आणतो, दोघे त्याला दाबून धरतात, आणि जेमतेम मिनिटभरात लस, गोऱ्ह्यांना खच्ची करणे आणि डाग ही तिन्ही कामे उरकतात. डागाची राज्य सरकारकडे नोंद असते, तो मालमत्तेप्रमाणे वारशाने जातो आणि विकताही येतो. शिवाय अंगावरची जागाही नोंदीचा भाग असल्याने डाव्या बरगडीवर एकाचा आणि उजव्या पुठ्ठ्यावर दुसऱ्याचा असा एकच आकार दोन मालकांकडे असू शकतो. पश्चिमेकडील अनेक राज्यांत गुरे विकण्यापूर्वी किंवा राज्याबाहेर नेण्यापूर्वी सरकारी निरीक्षक हा डाग तपासतो. कानातला बिल्ला कापून टाकता येतो, डाग तसा काढता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

त्यानंतर गायी उन्हाळी कुरणात जातात, साधारण पंचवीस गायींमागे एक वळू या प्रमाणात वळू सोडले जातात, आणि माणसे मागे राहून गवताच्या मागे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाटाच्या पाण्यावर वाढलेले गवत आणि लसूणघास कापायचे, वाळवायचे, यंत्राने त्याचे गोल गठ्ठे बांधायचे. कापलेल्या गवतावर पाऊस पडला तर त्याचा कस जातो आणि ओले बांधले तर गठ्ठा आतून तापून पेटू शकतो. किती लागते ते पाहा: एका गायीला हिवाळ्यात रोज सुमारे १३ किलो सुके गवत धरले तर तीनशे गायींना रोज जवळजवळ चार टन, आणि चार महिन्यांना साधारण पावणेपाचशे टन. हिवाळ्यातील दिनक्रम या आकड्यातूनच ठरतो. रोज सकाळी ट्रॅक्टरने गठ्ठे नेऊन बर्फावर पसरायचे, पाण्याच्या टाक्यांवरचा बर्फ फोडायचा, कळप मोजायचा, आजारी जनावर वेगळे काढायचे. नाताळच्या दिवशीही यात खंड नसतो. ज्या प्रदेशात हिवाळा सौम्य आहे तिथे काही कुटुंबे आता विण्याचा हंगाम एप्रिल-मेपर्यंत पुढे ढकलून गुरांना उभ्या वाळल्या गवतावर अधिक काळ ठेवतात. वासरे विक्रीच्या वेळी थोडी हलकी भरतात, पण डिझेल आणि गवताचा खर्च इतका वाचतो की हिशेब बरेचदा फायद्याचा निघतो. असे असूनही हा बदल पसरायला वेळ लागला, कारण आजोबांचा हंगाम बदलणे म्हणजे आजोबांवर शंका घेणे असे घरात अनेकांना वाटते.

शरद ऋतूत कळप डोंगरावरून उतरवला जातो आणि वासरांचे दूध तोडले जाते. तीन-चार दिवस गायी आणि वासरे अखंड हंबरतात. दोघांमध्ये फक्त कुंपण ठेवले, म्हणजे एकमेकांना पाहू दिले, तर वासरांचा ताण आणि वजनातील घट कमी होते. याच सुमारास पशुवैद्य प्रत्येक गाय गाभण आहे की नाही ते हाताने किंवा सोनोग्राफीने तपासतो. रिकामी निघालेली गाय सहसा त्याच आठवड्यात विकली जाते. हे कठोर वाटते, पण न विणारी गायही हिवाळ्यात विणाऱ्या गायीइतकेच गवत खाते. तीनशे गायींमागे समजा २७० वासरे हाती लागली, तर त्यांतील चाळीस-पंचेचाळीस कालवडी कळपासाठी ठेवून उरलेली सव्वादोनशेच्या आसपास विकायची असतात.

विक्रीचा सौदा अनेकदा उन्हाळ्यातच व्हिडिओ लिलावात झालेला असतो. भाव अपेक्षित वजनावर ठरतो आणि प्रत्यक्षात वासरे अधिक जड भरली तर दर किलोमागचा भाव ठरलेल्या प्रमाणात उतरतो, कारण जड वासराला पुढे वाढायला कमी वाव असतो. वाहतुकीत होणारी घट म्हणून दोन-तीन टक्के वजन आधीच वजा धरतात. भाव मात्र रँचच्या हातात कधीच नसतो; तो मक्याच्या दरावर, कत्तलखान्यांच्या क्षमतेवर आणि देशभरातील कळपाच्या आकारावर ठरतो. हा आकार साधारण दहा वर्षांच्या लाटेने वरखाली होतो, आणि त्याचे कारण जैविक आहे. आज भाव चढला म्हणून एक कालवड न विकता ठेवली, तर ती दोन वर्षांची झाल्यावर विणार आणि तिच्या वासराचे मांस बाजारात यायला आणखी दीड वर्ष. म्हणजे निर्णयापासून पुरवठ्यापर्यंत जवळजवळ तीन वर्षे, आणि दरम्यान राखून ठेवलेल्या कालवडींमुळे पुरवठा उलट घटतो. दुष्काळामुळे गायी विकल्या गेल्यानंतर १ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील एकूण गुरे ८.६७ कोटींवर आली होती, १९५१ नंतरची सर्वांत कमी संख्या, आणि भाव विक्रमी होते. ज्यांच्याकडे विकायला गुरेच उरली नव्हती त्यांना त्या भावाचा उपयोग नव्हता.

वर्षातून एकदा येणाऱ्या पैशांवर बारा महिने काढण्यासाठी घरातील एक जण बहुधा बाहेर नोकरी करतो. पुष्कळ ठिकाणी ती पत्नी असते, शाळेत किंवा रुग्णालयात, आणि पगाराइतकेच महत्त्व त्या नोकरीबरोबर येणाऱ्या आरोग्यविम्याला असते. हिशेबाची वही, कर्जाची कागदपत्रे आणि कळपाच्या नोंदीही अनेक घरांत तीच सांभाळते. मालकीच्या कागदावर मात्र तिचे नाव उशिरा चढते, आणि मुलींच्या वाट्याला वारसा येण्याची रीतही अलीकडेच रुळू लागली आहे.

आता सर्वांत अवघड भाग. समजा पाच हजार एकरांचे रँच आहे, तीन भावंडे आहेत, त्यांपैकी एक जण पंचवीस वर्षे तुटपुंज्या पगारावर आईवडिलांसोबत राबला आहे आणि दोघे शहरांत आहेत. समान वाटणी न्याय्य वाटते. पण जमिनीचा भाव गुरांच्या उत्पन्नावर ठरत नाही. डोंगर, नदी आणि शिकारीसाठी जागा शोधणारे श्रीमंत खरेदीदार तो ठरवतात. राबणाऱ्या भावंडाने इतर दोघांचा हिस्सा बाजारभावाने घ्यायचा तर वासरांच्या उत्पन्नातून त्या कर्जाचे व्याजही सुटणार नाही. प्रत्येक पिढीला तीच जमीन नव्याने विकत घ्यावी लागते, आणि दर वेळी अधिक महाग. रँच मोडण्याचे कारण म्हणून वारसा कराकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे; प्रत्यक्षात २०२५ मध्ये संघीय कर माणशी १.३९९ कोटी डॉलरांवरील मालमत्तेलाच लागू होता, त्यामुळे फार थोड्या कुटुंबांना तो भरावा लागतो. भावंडांतील वाटणी आणि न बोललेल्या अपेक्षा यांनी कराहून कितीतरी जास्त कुंपणे मोडली आहेत असे मला वाटते.

कराचा परिणाम आहे, पण तो वेगळ्या वाटेने होतो. वडिलांनी हयातीत जमीन बक्षीस दिली तर मुलाकडे ती जुन्या, अत्यल्प खरेदी किमतीसह येते, आणि पुढे विकल्यास प्रचंड भांडवली नफ्यावर कर बसतो. तीच जमीन मृत्यूनंतर आली तर तिची मूळ किंमत त्या दिवशीचा बाजारभाव धरली जाते. साहजिकच सल्लागार सांगतात की जमीन शेवटपर्यंत नावावर ठेवा. परिणामी पंचावन्न वर्षांचा मुलगा अजूनही वडिलांचा मजूर असतो आणि निर्णय पंच्याऐंशी वर्षांचे हात घेतात. २०२२ च्या गणनेत शेती चालवणाऱ्यांचे सरासरी वय ५८.१ वर्षे निघाले, त्यामागे हेही एक कारण आहे.

टिकलेल्या कुटुंबांनी साधारणपणे जमीन आणि गुरे यांची मालकी वेगळी केली. जमीन एका कंपनीत राहते आणि सगळी भावंडे तिची भागधारक असतात. गुरे आणि यंत्रे दुसऱ्या कंपनीत, जी राबणाऱ्याची असते आणि जमिनीला भाडे देते. भाग विकायचा तर आधी कुटुंबाला विचारायचे आणि किंमत चराईच्या उत्पन्नावर आधारित सूत्राने, अनेक वर्षांच्या हप्त्यांत द्यायची, असा करार आईवडील हयात असतानाच करून ठेवला जातो. तरुण पिढीला सुरुवातीपासून पगाराचा काही भाग कालवडींच्या रूपात देण्याची रीतही जुनी आणि उपयोगी आहे. दहा वर्षांत त्याचा स्वतःचा छोटा कळप तयार होतो आणि बँकेपुढे तारण ठेवायला काहीतरी असते.

दुसरा मार्ग संवर्धन हक्काचा. त्यात कुटुंब जमिनीवर घरे बांधण्याचा आणि ती तुकड्यांनी विकण्याचा हक्क एखाद्या भूविश्वस्त संस्थेला, म्हणजे जमीन मोकळी राखण्यासाठी स्थापलेल्या संस्थेला, कायमचा देते किंवा विकते. चराई आणि मालकी तशीच राहते. कोलोरॅडोतील पशुपालकांच्या संघटनेने तर १९९५ मध्ये स्वतःचीच अशी संस्था उभी केली. या व्यवहारातून आलेल्या पैशांत शहरातील भावंडांचे हिस्से चुकते करता येतात, आणि बांधकामाचा हक्क गेल्याने जमिनीचा भाव उतरतो, म्हणजे पुढच्या पिढीला ती घेणे सोपे होते. करार मात्र कायमस्वरूपी असतो. दुष्काळात दोन हजार एकर विकून उरलेले वाचवण्याची सोय पुढे राहत नाही, कर्ज काढताना तारणाचे मोल कमी होते, आणि ज्यांनी सही केलेली नाही अशा नातवंडांनाही तो बांधून ठेवतो. म्हणूनच एकाच खोऱ्यातील शेजारी-शेजारी असलेल्या दोन कुटुंबांत एकाने तो आनंदाने केलेला आणि दुसऱ्याने दारातूनच परत पाठवलेला आढळतो.